अर्ज ऑनलाइन झाला, निर्णय कधी होणार? डिजिटल सेवांचं धोरण आणि सेतूची रांग

झिरोमाईल (धागाकर्ता)

मे २००६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना मंजूर केली. सत्तावीस मिशन मोड प्रकल्प (ठरावीक मुदत आणि उद्दिष्ट असलेले) होते आणि वचन साधं होतं: सरकारी सेवा माणसाला त्याच्या राहत्या भागात, परवडेल अशा दरात आणि भरवशाने मिळावी. १ जुलै २०१५ ला 'डिजिटल इंडिया' आलं. त्याच वर्षी डिजिलॉकर (कागद ठेवायला), २०१७ मध्ये उमंग (सरकारी सेवांचं एकत्र ॲप), २०२२ मध्ये मायस्कीम (योजना शोधायला). इमारत मोठी उभी राहिली, यात वाद नाही. तरी जून उजाडला की नागपुरात सिव्हिल लाइन्सला सेतूसमोर, म्हणजे दाखले मिळतात त्या सरकारी केंद्रासमोर, रांग लागतेच.

माझं म्हणणं असं की आपल्या धोरणाने खिडकी डिजिटल केली, फाईल नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचंच घ्या. अर्जदाराने आधारची प्रत जोडायची, जे सरकारनेच दिलंय. रेशनकार्ड जोडायचं, तेही सरकारनेच दिलंय. शेती असेल तर सातबारा, तोसुद्धा सरकारचाच. पूर्वी हे कागद पिशवीत घालून न्यायचे, आता स्कॅन करून चढवायचे. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यापर्यंत वाहून नेणारा हमाल अजून नागरिकच आहे.

इथे महसूल, बँक, जमीन, सॉफ्टवेअर अशा सगळ्या बाजू जाणणारे सभासद आहेत, म्हणून विचारतो. गाडी नेमकी कुठे अडते, का अडते, आणि पुढच्या धोरणात पहिलं काम कोणतं असावं? 'सर्व्हर चालत नाही' एवढ्यावर थांबू नका, कुठला टप्पा ते लिहा.

तर्रीपोहे

रांग जूनमध्येच का लागते, हे आधी कुणी सांगेल का? तेच दाखले फेब्रुवारीत निवांत मिळतात.

सेतूवाली_ताई

सांगते. तीन तारखा एकमेकींवर येऊन पडतात.

उत्पन्न आर्थिक वर्षाचं मोजतात, म्हणून सरत्या वर्षाचा दाखला १ एप्रिलच्या आधी काढताच येत नाही. नॉन क्रिमिलेअरची (ओबीसी वगैरेंना उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) मुदत ३१ मार्चला संपते आणि त्याला तीन वर्षांचं उत्पन्न लागते, म्हणजे तोही एप्रिलनंतरच. आणि प्रवेशाच्या फेऱ्या जूनपासून. वर्षाची मागणी दहा आठवड्यांत येते. त्यात तोच तहसीलदार, तोच तलाठी, आणि एप्रिल-मे म्हणजे नागपूरचं ऊन. यंत्र कितीही मोठं घ्या, सही करणारा माणूस एकच असतो.

म्हणून ज्यांच्या घरी बारावीचं लेकरू आहे त्यांनी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उत्पन्नाचा अर्ज टाकावा, तो हाती आला की लगेच नॉन क्रिमिलेअरचा. दोन्ही एकदम टाकले तर दुसरा त्रुटीत जाते, कारण पहिला जोडायला नसतो.

अजून एक. जेईई किंवा केंद्राच्या नोकरीसाठी ओबीसीचा केंद्रीय नमुना वेगळा असते. राज्याचं नॉन क्रिमिलेअर दाखवून तिथे भागत नाही. अर्ज करतानाच नमुना पाहून घ्या, नाहीतर जुलैमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

मिहान_कोडर

ताईंनी मागणीची बाजू सांगितली. आता अर्ज परत का येतात ते. 'आपले सरकार' या राज्याच्या पोर्टलवर फोटो ५ ते २० केबी, रुंदी १६० पिक्सेल. कागदपत्रं ७५ ते ५०० केबी. मोबाइलने काढलेला फोटो ३-४ एमबीचा असतो. लोक तो कुठल्यातरी फुकट ॲपमधून दाबतात, तो ४ केबीचा होतो आणि नाकारला जातो. कागद ६० केबीचा झाला तरी नाकारला जातो, कारण खालची मर्यादाही आहे. ती कुणाच्या ध्यानातच येत नाही.

करायचं असं: कागद सपाट ठेवून, सावली न पडू देता स्कॅन करा. रंगीत ऐवजी ग्रेस्केल, १५० डीपीआय. ए-४ पान साधारण दीडशे-दोनशे केबीत बसतं. दोन पानी कागद असेल तर एकच पीडीएफ करा, कारण एका रकान्यात एकच फाईल जाते. फोटोसाठी आधी १६० बाय २०० कापा, मगच दर्जा कमी करा. उलट केलं तर चेहरा फुटतो.

खरं पाहता हे काम नागरिकाचं नाहीच. फाईल आत आल्यावर ती हव्या मापाची करून घेणं हे पोर्टलचं काम, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने किरकोळ. झिरोमाईल, तुमच्या 'हमाल' या शब्दात हेही घाला.

पेन्शनर_धंतोली

धागा चांगला आहे, पण सगळं काळं रंगवू नका. नोव्हेंबर २०१४ पासून जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, आहे. पूर्वी हयातीचा दाखला द्यायला म्हाताऱ्या माणसाला बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागत. २०२१ पासून चेहरा दाखवूनही होतो, बोटाचं यंत्रसुद्धा लागत नाही. केंद्राच्या निवृत्तांपैकी ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो.

फक्त एक गोष्ट ज्येष्ठांनी नीट समजून घ्यावी. प्रमाण आयडीचा एसएमएस आला म्हणजे दाखला तयार झाला, मान्य झाला असं नव्हे. मान्य करणं पेन्शन देणाऱ्या संस्थेच्या हाती. पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांकात एक आकडा चुकला, खातं दुसऱ्या शाखेत गेलेलं असलं किंवा पेन्शनचा प्रकार चुकीचा निवडला (स्वतःची की कुटुंब निवृत्तिवेतन) तर तो नाकारला जातो आणि हे कळतं ते पेन्शन थांबल्यावर. आठ-दहा दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर आयडी टाकून स्थिती पाहा. दोन पेन्शन असतील तर दोन वेगळे दाखले करायचे.

कुही_मांढळ

काकांचं खरं आहे, पण चेहऱ्यासाठी चांगला मोबाइल, उजेड आणि नेट लागते. गावात बोटावरच चालते सगळं. आणि बोट उठत नाही ना! कापूस वेचणारी, वीटभट्टीवरची, मिरची खुडणारी बाई घ्या. ठशाच्या रेघाच झिजलेल्या असतात. चुना-सिमेंटचं काम करणाऱ्याचं तर विचारूच नका.

केंद्रावर करण्याजोगं एवढं: हात कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा, ओला ठसा पसरते. यंत्राची काच प्रत्येक माणसानंतर मऊ फडक्याने पुसा. अंगठ्याचा हट्ट सोडा, अनामिका किंवा डाव्या हाताचं बोट पाहा, त्यांची झीज कमी असते. दाबू नका, नुसतं टेकवा. तीनदा नाही झालं तर बुबुळाचं यंत्र, नाहीतर ओटीपी. पण ओटीपी जाते कुठे? आधार काढताना दिलेल्या नंबरवर, आणि तो नंबर कधीचाच बंद झालेला असते.

सांगायचं हे की सगळे दरवाजे एकाच कुलपाचे केले आणि किल्ली बोटात ठेवली. बोट झिजलं की माणूस बाहेर.

कलम_सात

कुही_मांढळ, यावर नियम आहे, फक्त तो खिडकीवर लावलेला नसतो. आधार कायदा २०१६ च्या कलम ७ मध्येच म्हटलंय की ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचा पर्यायी मार्ग द्यायचा. आणि ज्याच्याकडे आधार आहे पण ठसा जुळत नाही, त्याच्यासाठी आधार प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे. बोट नाही तर बुबुळ, तेही नाही तर ओटीपी, आणि काहीच जमलं नाही तर इतर कागदांवरून ओळख पटवून लाभ द्यायचा आणि अपवादाची नोंद वहीत करायची. लाभ नाकारायचा नाही.

लेखी मागायचं असेल तर अर्जात तीनच ओळी लिहा: अमुक तारखेला इतके प्रयत्न झाले, जुळणी झाली नाही, अपवाद नोंदवहीत नोंद घेऊन लाभ द्यावा. पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही.

तर्रीपोहे

ही अपवादाची वही रेशन दुकानावर मागितली तर दाखवतात का?

कुही_मांढळ

वही असते हेच कित्येकांना माहीत नसते भाऊ. मागणारा भेटला की मग शोधाशोध.

ऑरेंज_बर्फी

पैशाच्या बाजूने लिहितो, कारण निम्म्या तक्रारी 'अर्ज मंजूर, पैसे नाहीत' याच असतात.

आधार खात्याला 'जोडणं' आणि आधार 'सीड' करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडणं म्हणजे बँकेने केवायसीसाठी (ओळख पटवायला) तुमचा क्रमांक नोंदवला. सीड करणं म्हणजे एनपीसीआय या देशाच्या पेमेंट संस्थेच्या मॅपरमध्ये (कुठल्या आधारला कुठली बँक, ती यादी) तुमच्या आधारसमोर त्या बँकेचं नाव लागलं. थेट लाभाचा पैसा आधारवरून येतो तेव्हा खाते क्रमांक कुणी बघत नाही, मॅपर बघतात. मॅपरमध्ये एका वेळी एकच बँक असते, शेवटी सीड झालेली. तुमची पाच खाती आधारला जोडलेली असू द्या, पैसा त्या एकाच बँकेत जाणार.

घोटाळा असा होतो: कुणी बाजारात स्टॉल लावून झीरो बॅलन्स खातं उघडून देतो, फॉर्मवर डीबीटीच्या (थेट लाभाच्या) चौकटीत खूण करतो, आणि मॅपर तिकडे वळतो. बाई जुन्या बँकेत पासबुक भरत बसते आणि पैसा नव्या खात्यात पडून राहतो.

तपासायला: मोबाइलवरून *९९*९९*१# लावा (आकडे इंग्रजी कळांवरचेच) आणि आधार क्रमांक टाका. किंवा माय आधार या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहा. बँकेचं नाव आणि ती सक्रिय आहे की नाही, दोन्ही दिसतं. निष्क्रिय असेल तर शाखेत 'आधार सीडिंग संमतीपत्र' द्या. नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं तर बाबू केवायसी करून मोकळा होतो. शब्द महत्त्वाचा.

पीएम किसानसाठी तीन ठिकाणी 'होय' लागतं: ई-केवायसी, जमीन सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), आधार-बँक सीडिंग. लाभार्थी स्थितीच्या पानावर तिन्ही दिसतात. पहिलं सेवा केंद्रावर किंवा ॲपवर, दुसरं तालुक्याला, तिसरं बँकेत. लोक तिन्हींसाठी सेवा केंद्रावर चकरा मारतात, तिथे फक्त पहिलंच होतं.

सेतूवाली_ताई

बर्फीभाऊ, आधारवर पैसे काढून देणाऱ्यांबद्दलही सांगा. १४ एप्रिल २०१७ ला भीम-आधार सुरू झालं ते आपल्या नागपुरातच, म्हणून इथल्या लोकांना तर नीट माहीत पाहिजे.

ऑरेंज_बर्फी

बरोबर. भीम-आधार म्हणजे दुकानदाराला बोटावर पैसे देणं, आणि बँक मित्राकडे पैसे काढणं ही त्याची थोरली बहीण, एईपीएस (आधारवर चालणारी बँक व्यवहाराची सोय). दोन्हीत सही म्हणजे बोट.

धोका एकच. 'बोट नाही लागलं, पुन्हा लावा' असं म्हटलं की दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी पडदा पाहायचा. पहिला व्यवहार फसला असेल तर तसा संदेश पडद्यावर असतो आणि पावती निघते. पावतीशिवाय दुसरं बोट ठेवू नका. केवायसीसाठी गेला असाल तर रकमेचा रकाना पडद्यावर असायलाच नको. आणि पैसे काढायचे नसतील तेव्हा आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक (बोट, बुबुळ) लॉक करून ठेवा. लागेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं.

अंबाझरी_काठ

धागा कामाचा आहे, पण नावाचा प्रश्न कुणी काढलाच नाही. मला वाटतं सगळ्या बिघाडांची आई तीच. आपलं नाव देवनागरीत एक आणि रोमन लिपीत सहा. 'वाघमारे' व्हीने लिहायचं की डब्ल्यूने? 'चौधरी'त डब्ल्यू की यू? 'लक्ष्मी'त एक्स की केएसएच? शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव अर्धवट. लग्नानंतर बाईचं तर सगळंच बदलतं. माणूस एकाच नजरेत ओळखतो की हा तोच. यंत्र अक्षरं मोजतं.

सातबारा_वाचक

अंबाझरी, जमिनीत हे फार भोगावं लागतं. सातबारावर नाव फक्त देवनागरीत, तेही 'रामा वल्द गोविंदा' अशा जुन्या थाटात. आधारवर रोमन लिपीत पूर्ण नाव. शेतकरी ओळख क्रमांकासाठी ॲग्रिस्टॅकमध्ये (शेतकऱ्यांची डिजिटल नोंदणी) दोन्ही जुळवतात, आणि जुळणी कमी पडली की अर्ज माणसाच्या तपासणीत जातो. तिथे तो किती दिवस राहील ते त्या कार्यालयावर.

दुरुस्ती कुठल्या टोकाला करायची हा निर्णय आधी घ्या. सातबारावर लिहिताना झालेली चूक असेल (हस्तलिखितावरून संगणकात घेताना काना-मात्रा सुटलेली) तर जुन्या हस्तलिखित उताऱ्याची प्रत लावून तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागा. ती लेखनप्रमादाची दुरुस्ती आहे, हक्काचा वाद नाही. मूळ दस्तातच नाव वेगळं असेल तर मात्र आधार बदलणं सोपं पडतं.

अंबाझरी_काठ

आधार बदलतानाही जपून. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. पहिली संधी घाईत वाया घालवू नका. आधी दहावीची गुणपत्रिका, पॅन आणि बँक पासबुक शेजारी ठेवा आणि ज्या स्पेलिंगला सर्वांत जास्त कागद आहेत तेच कायम करा. बाकीचे त्याकडे वळवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्त्यासारख्या बदलाला ७५ रुपये आणि बायोमेट्रिकला १२५. लहान मुलांचं पाच आणि पंधरा वर्षांचं अनिवार्य बायोमेट्रिक वेळेत केलं तर मोफत.

आणि जन्मतारखेसाठी आधार पुरावा नव्हे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये त्याला यादीतून काढलं. शाळेचा दाखला सांभाळा.

आवाज_वाचक

पडदा वाचणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची बाजू. बटणाला नाव नसेल तर सॉफ्टवेअर नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणतं. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा, त्याला आवाजाचा पर्याय नाही. तारीख फक्त माऊसने निवडायची, टाइप करता येत नाही. दिलेल्या वेळेत ओटीपी शोधून टाकायचा, तोवर सत्र संपतं. चेहऱ्याच्या केवायसीत 'डोळे मिचकवा' म्हणतात, आणि काहींना ते शक्यच नसतं.

या शेवटच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला स्पष्ट निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांचं प्रकरण होतं. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं आणि केवायसीला पर्याय देण्यासकट वीस निर्देश दिले. सरकारी संकेतस्थळांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. निविदेत ती लिहिलेली असतात, स्वीकृतीच्या चाचणीत कुणी पडदा-वाचक लावून पाहत नाही. एका माणसाला एक दिवस बसवून पूर्ण अर्ज फक्त कीबोर्डवर भरून घ्या, बरेचसे दोष तिथेच पकडले जातील.

पेन्शनर_धंतोली

आवाज_वाचक, हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही. ज्यांची नजर म्हातारपणाने गेली त्यांनाही हेच लागू आहे.

मिहान_कोडर

डिजिलॉकरबद्दल एक गैरसमज काढतो. त्यात दोन कप्पे आहेत. 'जारी केलेले' आणि 'चढवलेले'. जारी केलेला दस्त थेट मूळ खात्याच्या साठ्यातून येतो. चढवलेला म्हणजे तुम्हीच टाकलेला फोटो, त्याला काहीही वजन नाही. लोक परवान्याचा फोटो चढवतात आणि चौकात दाखवतात, मग पोलीस मान्य करत नाही म्हणून भांडतात. 'जारी' मध्ये जाऊन परिवहन खात्यातून ओढून घ्या, मग प्रश्न नाही.

आणि दाखल्याच्या पीडीएफवर सहीपाशी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं म्हणून तो खोटा नसतो. तुमच्या ॲडोबला भारताचं मूळ प्रमाणपत्र ओळखीचं नसतं, एवढंच. सहीवर उजवी कळ, गुणधर्म, प्रमाणपत्र दाखवा, विश्वासार्हात जोडा, पुन्हा तपासा, हिरवी खूण येते. छापलेल्या कागदावर मात्र डिजिटल सही मरते. कागदावर पडताळायचं ते क्रमांकाने किंवा क्यूआरने. म्हणून छापील प्रतीवर पुन्हा शिक्का मागणाऱ्या कार्यालयाला तो क्रमांक दाखवा.

कलम_सात

मिहान, डिजिलॉकरच्या २०१६ च्या नियमांत ९-अ आहे. जारी केलेले दस्त मूळ कागदाच्या बरोबरीचे. पण आता धाग्याच्या मुळाशी येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४ म्हणतं इलेक्ट्रॉनिक नोंद मान्य. कलम ६ म्हणतं सरकार ऑनलाइन अर्ज घेऊ शकतं. आणि कलम ९ काय म्हणतं? सरकारने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच दस्त स्वीकारावा असा आग्रह धरण्याचा हक्क यातून कुणालाही मिळत नाही.

म्हणजे सरकार नागरिकाला 'फक्त ऑनलाइन' म्हणू शकतं. नागरिक सरकारला 'माझा डिजिटल कागद घ्या' असं त्या कलमाच्या जोरावर म्हणू शकत नाही. झिरोमाईल, तुमची अर्धी रांग या एका कलमात उभी आहे.

झिरोमाईल

कलम_सात, हे लक्षात आलं नव्हतं. मग पहिलं काम हेच: 'सरकारकडे असलेला कागद सरकार पुन्हा मागणार नाही' हे कायद्यात लिहिणं. एस्टोनियात २००१ पासून एक्स-रोड ही खात्यांना जोडणारी व्यवस्था आहे, खाती आपापसात माहिती विचारतात आणि तीच माहिती नागरिकाकडून दुसऱ्यांदा घेत नाहीत. आपल्याकडे एपीआय सेतू (खात्यांच्या संगणकांना जोडणारं व्यासपीठ) आहे, तंत्राची उणीव नाही.

कुही_मांढळ

मी सहमत नाही. खात्याच्या नोंदी आधीच चुकलेल्या आहेत, हे अंबाझरी आणि सातबारांनी एवढं सांगितलं. आता नागरिक निदान बरोबर कागद दाखवून सांगू शकते, की तुमची नोंद चूक आहे. उद्या कागदच मागितला नाही, तर चुकीची नोंदच आपोआप खरी ठरते, आणि ते त्या माणसाला निर्णय आल्यावर कळते. आधी नोंद दुरुस्तीचा मागचा दरवाजा द्या, मग पुढचा बंद करा.

सातबारा_वाचक

दोघांनाही एक चालू उदाहरण देतो, कारण ते आपल्याच राज्यात आहे. जमिनीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला की त्याची माहिती ई-फेरफार या संगणक प्रणालीतून थेट तलाठ्याकडे जाते, नागरिकाने प्रत न्यायची गरज नाही. म्हणजे झिरोमाईल म्हणतात तेच. पण नोंद लगेच पक्की होत नाही. त्याच संहितेच्या कलम १५० खाली नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. हरकत आली तर विवादग्रस्त वहीत. म्हणजे कुही_मांढळ म्हणतात तेही.

कमकुवत जागा मधली आहे. नोटीस ज्याला मिळायची त्याचा मोबाइल नंबर नोंदलेला नसतो, म्हणून १५ दिवस त्याच्या नकळत संपतात. वारस नोंदीत तर फार. म्हणून ई-हक्कवर (फेरफाराच्या अर्जांचं पोर्टल) अर्ज टाकताना आपला नंबर टाका, दस्त लिहिणाऱ्याचा नको. आणि डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत काढून वर्षातून एकदा वाचा. फुकट दिसणारा उतारा फक्त पाहण्यापुरता असतो.

सेतूवाली_ताई

नंबरचं सातबारांनी बरोबर सांगितलं! केंद्रावर अर्ज भरताना चालक स्वतःचाच नंबर टाकून देते. मग त्रुटीचा एसएमएस त्याच्याकडे, अर्जदार घरी वाट पाहत. पावती घेताना तीन गोष्टी तपासा: अर्ज क्रमांक, मोबाइल नंबर, आणि सेवा देण्याची शेवटची तारीख.

ही तारीख शोभेची नाही. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा एप्रिल २०१५ पासून आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. तारीख उलटली किंवा अर्ज फेटाळला की ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्या आदेशानंतर ३० दिवसांत दुसरं. मग ६० दिवसांत सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. अपीलही ऑनलाइन करता येते आणि वकील लागत नाही. पण अर्ज अपूर्ण म्हणून परत केला की मुदत नव्याने मोजतात, म्हणून त्रुटी एका वेळी एक अशी काढत गेले की १५ दिवसांचे ४५ होतात. मी कायदा बदलायला बसले तर एवढंच लिहीन: सगळ्या त्रुटी एकदाच आणि पहिल्या तीन दिवसांत सांगायच्या.

तर्रीपोहे

ताई, +१. केंद्राच्या सेवांना असा कायदा आहे का?

कलम_सात

सेवा हक्काचे कायदे राज्यांचे आहेत. केंद्राच्या खात्यांसाठी संसदेत २०११ मध्ये विधेयक मांडलं होतं, लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झालं. आज केंद्राच्या बाबतीत तक्रार करायची ती सीपीग्रॅम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर. ऑगस्ट २०२४ पासून निपटाऱ्याची मुदत २१ दिवस. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांत अपील. पण त्यात दंड नाही, आणि 'संबंधितांना कळवले' एवढं लिहूनही तक्रार बंद होऊ शकते. तक्रारीत एकच मागणी ठेवा, क्रमांक आणि तारीख लिहा. दोन मागण्या केल्या की सोप्या मागणीला उत्तर देऊन फाईल मिटते.

एक चूक नेहमीची: तहसीलच्या कामासाठी केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर अर्ज. तो परत येतो आणि १० रुपये परत येत नाहीत. राज्याचं पोर्टल वेगळं आहे.

झिरोमाईल

मग माझं पहिलं मत दुरुस्त करतो. पहिलं काम 'कागद पुन्हा मागू नका' हे नव्हे. केंद्राच्या सेवांना पावतीवर तारीख आणि दंडासकट अपील, हे पहिलं. दुसरं, जी नोंद एका खात्याने दुसऱ्याकडून घेतली ती निर्णयाआधी नागरिकाला दाखवायची, सातबारांच्या १५ दिवसांसारखी. त्यानंतर कागद मागणं बंद. कुही_मांढळ, या क्रमाला तुमची हरकत आहे?

कुही_मांढळ

क्रमाला नाही. पण 'दाखवायची' म्हणजे एसएमएसवर नको. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली पाहिजे, आणि ज्याचं बोट उठत नाही त्याची नोंद घ्यायला ती वही तिथेच टेबलावर ठेवा.

सेतूवाली_ताई

फळ्यावर नाव आणि अर्ज क्रमांकच लावा, आधार क्रमांक नको. खूप ठिकाणी अख्खा आधार छापून लावतात. शेवटचे चार आकडे दिसले की ओळख पटते.